एआय: वाजतंय किती आणि चालतंय किती?

टिपणवही | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतेय.

मी एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या विभागात आहे. आम्ही नऊ जण. आलेली ईमेल वाचायची, तक्रार कुठल्या खात्याची ते ठरवायचं, उत्तर लिहायचं, एवढंच आमचं काम. मागच्या आठवड्यात एक विक्रेते एआयचं प्रात्यक्षिक दाखवून गेले. पडद्यावर तक्रार टाकली की तीन सेकंदांत वर्गवारी आणि दहा सेकंदांत उत्तर तयार. तेही इतकं सभ्य, की माझी मलाच लाज वाटली. साहेब खूश. "हे आलं की दोन माणसं पुरतील" असं बोलून गेले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पंधरा दिवसांत तुमचं मत लेखी द्या."

आता मत द्यायचं तरी कशाच्या आधारावर? बातम्या वाचाव्यात तर एक म्हणतो पाच वर्षांत कुणाला काम उरणार नाही, दुसरा म्हणतो सगळा फुगा आहे. प्रश्न साधा आहे: एआयचं एखादं साधन खरंच कामाचं आहे की नुसता गाजावाजा, हे तुम्ही कसं ओळखता? स्वतः वापरलेल्यांनी जरूर लिहा.

(त्या दोन माणसांत मी असेन की नाही मला माहीत नाही. तेव्हा माझं मत निःपक्षपाती आहे असा दावा नाही.)

सतरंजी | रात्री ९:१५

पहिला! पुढच्या रांगेत जागा धरून बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.

आज्ञावली | रात्री ९:३१

एकच प्रश्न. प्रात्यक्षिकात ज्या तक्रारी वापरल्या त्या कुणाच्या होत्या? तुमच्या की विक्रेत्याच्या?

टिपणवही | रात्री ९:४०

त्यांच्याच. आता आठवून बघतेय तर सगळ्या एकेका परिच्छेदाच्या, स्वच्छ, एका पत्रात एकच तक्रार. आमच्याकडे असं पत्र महिन्यातून एखादं येत असेल. आमचे ग्राहक आधी तीन परिच्छेद मागचा इतिहास सांगतात, मूळ तक्रार 'ता.क.' मध्ये असते.

आज्ञावली | रात्री ९:५८

मग तुम्ही पाहिलंत ती जाहिरात. प्रात्यक्षिक अजून व्हायचंय. दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या तक्रारी काढा, ज्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. नावं-नंबर झाकून त्या यंत्राला द्या आणि मग बघा. विक्रेता "आधी करार करू, मग तुमच्या विद्यावर चालवू" म्हणाला तर काय समजायचं ते समजा.

(विद्यावर नव्हे, विदावर, म्हणजे डेटावर. स्वयंदुरुस्तीचा प्रताप. आणि आपण इथे एआयवर चर्चा करतोय!)

कोरडा_पाषाण | रात्री १०:२०

सगळं आधी होऊन गेलेलं आहे. १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅटचं 'पर्सेप्ट्रॉन' आलं तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, बघेल, लिहील, स्वतःसारखी आणखी यंत्रं तयार करेल आणि आपण आहोत याची त्याला जाणीवही असेल. प्रत्यक्षात ते काय करत होतं? कार्डावरची खूण डावीकडे आहे की उजवीकडे, हे ओळखायला शिकत होतं. १९६५ मध्ये हर्बर्ट सायमन या एआयच्या आद्य संशोधकाने लिहिलं, माणूस करू शकतो ते कुठलंही काम वीस वर्षांत यंत्र करेल. १९८५ आलं आणि गेलं. मध्येच १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये एआयवर टीका करणारा लाइटहिलचा अहवाल आला, सरकारी पैसा आटला आणि मंडळी थंडीत कुडकुडत बसली.

आताही तेच. नव्याचे नऊ दिवस.

उद्याचा_माणूस | रात्री १०:४४

पाषाणराव, तुमचा इतिहास १९८५ लाच कसा संपला? १९९७ ला डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोवला हरवलं. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात हे कोडं जीवशास्त्रज्ञ पन्नास वर्षं सोडवत होते, त्यात आल्फाफोल्ड नावाच्या एआयने २०२० मध्ये एवढी मजल मारली की २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्याच्या दोघा कर्त्यांना मिळालं. २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचना आज कुणालाही बघायला खुल्या आहेत. हा फुगा असेल तर मला असले आणखी चार फुगे चालतील.

कोरडा_पाषाण | रात्री १०:५१

आल्फाफोल्ड तक्रारींना उत्तरं देतं का?

उद्याचा_माणूस | रात्री १०:५३

नाही.

कोरडा_पाषाण | रात्री १०:५४

माझं म्हणणं संपलं.

जुनी_पाने | रात्री ११:३०

पाषाण-उद्या जुगलबंदीत एक चांगला मुद्दा वाटेत सांडलाय, तो उचलून ठेवतो. 'एआय' हा शब्द वाहन या शब्दासारखा झालाय. सायकलही वाहन आणि विमानही वाहन. विमान उडतं हे दाखवून सायकल विकण्याचा प्रकार सध्या जोरात आहे. टिपणवही, विक्रेत्याच्या माहितीपत्रकात प्रथिनं, बुद्धिबळ किंवा नोबेल यांचा उल्लेख असेल तर ते पान फाडून उरलेलं वाचा.

दुसरं, सभ्य भाषेला भुलू नका. जोसेफ वायझेनबाउमने एमआयटीत 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, १९६६ ची गोष्ट. तुम्ही लिहिलेलं वाक्य थोडं फिरवून तुम्हालाच प्रश्न म्हणून परत करायचा, बाकी आत काही नाही. त्याची सेक्रेटरी कित्येक महिने त्याला हे लिहिताना बघत होती. ती एलायझाशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्यांतच त्याला म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? आत काय आहे हे माहीत असूनही माणूस भुलतो. आजच्या यंत्रांच्या आत एलायझापेक्षा अफाट जास्त आहे, पण आपली भुलण्याची सवय तीच आहे.

गप्पिष्टा | मंगळवार, सकाळी ७:०५

माझी स्वतःची चाचणी सांगते. मी एक म्हण बनवली: "आंधळ्याची छत्री नि वेताळाला ऊन." अशी म्हण नाही, मी काल आंघोळ करताना रचली. एका चॅटबॉटला अर्थ विचारला. त्याने शांतपणे सांगितलं, ही ग्रामीण भागात प्रचलित असलेली जुनी म्हण असून 'ज्याला गरज नाही त्याला सोय मिळणे' असा तिचा अर्थ आहे. वर वाक्यात उपयोगही करून दाखवला!

सतरंजी | सकाळी ७:२०

हसून हसून पुरेवाट! पण गप्पिष्टाताई, अर्थ चुकलाय. खरा अर्थ 'दोघांचीही अडचण एकच, पण मदतीला तिसराच' असा आहे. माझी आजी नेहमी म्हणायची.

खडूफळा | सकाळी ७:४८

सतरंजीच्या आजीला माझा नमस्कार. आमच्याकडे हिचा दुसरा चरणही आहे: "...आणि मधल्यामध्ये भिजला गुरव."

गप्पिष्टा | सकाळी ८:०२

बघा, तासाभरात म्हण खरी झाली. यंत्राला कशाला नावं ठेवायची.

आज्ञावली | सकाळी ९:१०

गप्पिष्टा, तुमची म्हण मी आत्ता दोन वेगवेगळ्या मॉडेलना (म्हणजे चॅटबॉटच्या आतल्या एआयना) टाकून बघितली. एकाने अर्थ दिला, दुसरं म्हणालं "अशी म्हण माझ्या माहितीत नाही, शब्दांवरून अंदाज करू का?" म्हणजे 'एआय थापा मारतं' हेही सरसकट खरं नाही. कुठलं मॉडेल, कुठली आवृत्ती, प्रश्न कसा विचारला, सगळ्याने फरक पडतो. विक्रेत्याकडून आतलं मॉडेल कुठलं ते लेखी घ्या. पुढच्या महिन्यात त्यांनी ते गुपचूप बदललं तर तुमची आजची चाचणी रद्दी.

थापा का मारतात ते थोडक्यात. ही मॉडेलं मुळात पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधायला शिकलेली असतात. खरं वाक्य आणि खऱ्यासारखं वाक्य दोन्ही त्याच गिरणीतून, त्याच आत्मविश्वासाने बाहेर येतात. माणूस थाप मारताना जरा अडखळतो, ते आपल्याला कळतं. इथे ती खूणच नाही.

वादी_प्रतिवादी | सकाळी ११:२६

त्या आत्मविश्वासाने आमच्या व्यवसायात कायकाय केलंय! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. मजा म्हणजे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हे निवाडे खरे आहेत ना? ते म्हणालं, हो. चोरालाच पंच नेमल्यासारखं.

टिपणवहींच्या कामाशी जास्त जवळची गोष्ट एअर कॅनडाची. त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं, घरातलं माणूस गेल्यानंतरच्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. कंपनीने कॅनडातल्या न्यायाधिकरणापुढे असा युक्तिवाद केला की चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे, तिच्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला, प्रवाशाला भरपाई द्यावी लागली.

म्हणून माझी कसोटी एकच: चूक झाली तर कुणाच्या गळ्यात? करारात विक्रेत्याने स्वतःची जबाबदारी कुठे संपवलीय ते कलम आधी वाचा. पहिल्या पानावर दावे असतात, शेवटच्या पानावर सत्य.

टिपणवही | दुपारी १:१५

बापरे. करार अजून बघितलाच नाही. आज मागवते.

सेवानिवृत्त | दुपारी ३:३३

सदर विषय अत्यंत महत्त्वाचा व कालसुसंगत असून त्याच्या सर्व बाजूंचा साकल्याने विचार होणे आवश्यक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे एकीकडे कार्यक्षमतेत वाढ होण्याची शक्यता असली, तरी दुसरीकडे तिच्या मर्यादांकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. तंत्रज्ञान हे साधन आहे, साध्य नव्हे. यास्तव मानवी विवेक व यांत्रिक वेग यांचा सुयोग्य समन्वय साधणे हितावह ठरेल.

सतरंजी | दुपारी ३:४१

पकडला! हा प्रतिसाद यंत्राकडून लिहून घेतलाय. शंभर टक्के.

उद्याचा_माणूस | दुपारी ३:४४

मीही हेच लिहिणार होतो. 'साधन आहे, साध्य नव्हे' वाचलं आणि घंटा वाजली.

सेवानिवृत्त | सायंकाळी ५:०२

मी एकतीस वर्षे एका खात्यात अहवाल लिहिले आहेत. मी असाच लिहितो.

सतरंजी | सायंकाळी ५:०६

काका, माफी असावी. कान धरून उभा आहे.

मुद्रितशोधक | सायंकाळी ६:१५

हसू आवरलं की एक गोष्ट ध्यानात घ्या. 'मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखून देतो' म्हणणारी साधनं हाही याच बाजारातला माल आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने असं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच मोजणीत यंत्राने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला पकडता आला आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. जुलै २०२३ मध्ये गुपचूप बंद केलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच ते ओळखता येईना, आणि सतरंजी आठ मिनिटांत शंभर टक्के.

खडूफळा | रात्री ८:२०

मुद्रितशोधकांना जोरदार अनुमोदन. अशाच एका साधनाच्या भरवशावर मी एका मुलीच्या निबंधाला शून्य दिलं होतं. ती दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. खाडाखोडीसकट तीन कच्चे मसुदे. मी वर्गासमोर माफी मागितली, पण तिने त्यानंतर निबंध मन लावून लिहिला असं मला वाटत नाही. लिहू लागली ती 'साध्य नव्हे' छापाची सुरक्षित वाक्यं. याचं कुठलंच मोजमाप कुठल्या माहितीपत्रकात येत नाही.

क्षकिरण | बुधवार, रात्री १२:४०

रात्रपाळीतून लिहितेय. २०१६ मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र आपल्यापेक्षा चांगलं काम करेल, फार तर दहा. हिंटन म्हणजे साधा माणूस नव्हे, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालंय. तरी मी आज रात्री इथे आहे, आणि पाळ्या भरायला माणसं कमी पडतात.

का? फोटो वाचणं हा माझ्या कामाचा एक तुकडा आहे. मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघायचं, शस्त्रक्रिया करणाऱ्याला फोन करून 'तुम्हाला नक्की काय शंका आहे' विचारायचं, चुकीची तपासणी लिहून दिली असेल तर ती थांबवायची. हिंटननी तुकडा बघितला आणि त्यालाच काम समजले.

पण दुसरी बाजूही सांगते, पाषाणरावांनी नीट वाचावी. मेंदूतला रक्तस्राव ओळखून तो फोटो रांगेत वर आणून ठेवणारं साधन आमच्याकडे आहे. त्याची चूक झाली तर फार काही बिघडत नाही, कारण शेवटी सगळेच फोटो मी बघते. त्याचं बरोबर आलं तर एखाद्याची चाळीस मिनिटं वाचतात. ते साधन माझ्याकडून कुणी काढून घ्यायला आलं तर मी भांडेन.

कोरडा_पाषाण | सकाळी ८:००

वाचलं. दोनदा वाचलं. रांग लावणाऱ्या यंत्राविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

सतरंजी | सकाळी ८:०३

पाषाणाला पाझर! तारीख लिहून ठेवा रे.

आज्ञावली | सकाळी १०:३७

प्रोग्रॅमरांचा अनुभव राहिला. मी रोज वापरतो आणि 'माझा निम्मा वेळ वाचतो' असं छातीठोक सांगायचो. मग २०२५ मध्ये एमईटीआर या संस्थेचा प्रयोग वाचला. १६ मुरलेले प्रोग्रॅमर, त्यांच्या स्वतःच्या जुन्या प्रकल्पांतली २४६ कामं. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, हे काम एआय घेऊन, ते एआयविना. आधी सगळ्यांचा अंदाज होता, वेळ २४ टक्के वाचेल. काम संपल्यावरही त्यांना वाटलं २० टक्के वाचला. घड्याळात निघालं, एआय घेतल्यावर १९ टक्के जास्त लागला.

मला धक्का १९ चा नाही बसला. साधनं सुधारतील, तो आकडा बदलेल. माणसं कमी, प्रकल्प त्यांच्या तळहातावरचे, तेव्हा सगळ्यांना लागू होईल असंही नाही. धक्का बसला तो काम करून उठलेल्या माणसालाही आपला वेळ वाचला की गेला हे कळलं नाही याचा. मी घड्याळ लावून बघितलं. नवीन भाषेत छोटं काहीतरी लिहायचं असेल तर खरंच भराभर होतं. माझ्याच जुन्या गुंत्यात हात घालायचा असेल तर त्याने लिहिलेलं तपासण्यात सकाळ जाते.

उद्याचा_माणूस | सकाळी ११:५५

आता माझी पाळी, कारण टिपणवहींच्याच कामावरचा अभ्यास माझ्याकडे आहे. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड हे अर्थतज्ज्ञ, २०२३. ग्राहकसेवेतली ५,१७९ माणसं, एआय त्यांना उत्तरं सुचवायचं. तासाला निकाली निघणारी प्रकरणं सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. नवख्यांची ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांना जवळजवळ काही फायदा नाही.

आज्ञावलींच्या आकड्याशी हे भांडत नाही, उलट जुळतंच. जाणत्याला अडथळा, नवख्याला शिडी. आणि पाषाणराव, १४ टक्के म्हणजे फुगाही नाही आणि क्रांतीही नाही. हे मी स्वतः लिहितोय, नोंद घ्यावी.

जुनी_पाने | दुपारी १२:४०

आणि १४ टक्क्यांनी नऊची दोन माणसं होत नाहीत, हे साहेबांना कुणीतरी सांगा. क्लार्ना या स्वीडनच्या वित्त कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांचा एआय सहायक ७०० माणसांचं काम करतो. २०२५ मध्ये त्यांच्याच प्रमुखांनी दर्जा घसरल्याचं मान्य करून पुन्हा माणसं घ्यायला काढली. पहिली बातमी सगळीकडे गाजली. दुसरी किती जणांनी वाचली?

जरा अवांतर: वीज कारखान्यांत आली तेव्हाही काही दशकं फायदा दिसेना. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिडने १९९० मध्ये हे फार सुंदर मांडलंय. मालकांनी वाफेचं एक मोठं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, बाकी दांडे-पट्टे तसेच. खरा फायदा झाला तो प्रत्येक यंत्राला आपापली छोटी मोटर देऊन कारखान्याची मांडणीच बदलली तेव्हा. म्हणजे पाषाणरावांचं 'आज काही दिसत नाही' आणि उद्यांचं 'उद्या दिसेल' ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

गप्पिष्टा | दुपारी १:०२

वेताळाला ऊन मिळालं म्हणायचं.

टिपणवही | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री १०:१८

मंडळी, परत आलेय. इतके दिवस गायब होते कारण तुम्ही सांगितलेलं करत बसले होते.

जुनी दोनशे पत्रं काढली, नावं-नंबर झाकले. विक्रेते आधी आढेवेढे घेत होते, "तुमचा विदा स्वच्छ करून द्या" म्हणाले. मी म्हटलं ग्राहक स्वच्छ करून मिळत नाहीत. शेवटी तयार झाले.

वर्गवारी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. इतकी, की जिथे जिथे यंत्राचं आणि आमचं पटलं नाही ती पत्रं पुन्हा वाचली तर बऱ्याच ठिकाणी आमचंच चुकलं होतं. त्यातली दोन तर माझ्या सहीची. 'ता.क.'मधली तक्रारही त्याने उचलली. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

उत्तरांचं मात्र हसू झालं. एका गृहस्थांनी तीन वेळा दुरुस्तीला माणूस न आल्यावर लिहिलं होतं, "आपल्या तत्परतेचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे." यंत्राने ते 'प्रशंसा' या खणात टाकलं आणि आभाराचं गोड पत्र तयार केलं. ते गेलं असतं तर गृहस्थ स्वतः आले असते. आणखी चार-पाच उत्तरांत आमच्या धोरणात नसलेली आश्वासनं होती, वादी_प्रतिवादींची गोष्ट डोळ्यासमोर उभी राहिली. करारातलं कलमही वाचलं. उत्तरांच्या अचूकतेची जबाबदारी पूर्णपणे आमची.

मग आज्ञावलींसारखं घड्याळ लावलं. यंत्राचं उत्तर वाचून, धोरणाशी ताडून, दुरुस्त करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी नवीन लिहिते. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाला मात्र निम्मा वेळ लागला. पण त्या गोड आभारपत्राला त्याने मान्यता दिली होती.

तर माझं मत: वर्गवारी घ्यावी. उत्तरं घेऊ नयेत. माणसं नऊच.

क्षकिरण | रात्री १०:५०

म्हणजे तुम्हीही रांग लावणारं यंत्रच घेतलंत. :)

उद्याचा_माणूस | रात्री ११:०४

अभिनंदन. पण सहा महिन्यांनी उत्तरांची चाचणी परत करा, तीच दोनशे पत्रं घेऊन. आज उपरोध कळला नाही म्हणून कधीच कळणार नाही असं नाही.

कोरडा_पाषाण | रात्री ११:०९

उपरोध आमच्या साहेबांना अजून कळत नाही, सहा महिने काय घेऊन बसलात. पण चाचणी परत करा, याला सहमत.

सेवानिवृत्त | शनिवार, सकाळी ६:३०

टिपणवही यांनी केलेली पडताळणी स्तुत्य आहे. लेखी मताचा मसुदा पाठविल्यास भाषा तपासून देण्यास अस्मादिक तयार आहेत.

टिपणवही | सकाळी ७:१२

काका, मनापासून आभार. पण नको. साहेबांना वाटेल, यंत्राने लिहिलाय.